सुपरचार्ज केलेली रोजच्या वापराची गाडी ड्रॅग स्ट्रिपवर: लहान पुली लावावी, की आधी दुसरे काही करावे?

निळी_कूपे (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची गाडी आहे. तिचे इंजिन ३.८ लिटरचे व्ही-६ असून त्यावर रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) आणि त्याच्या खाली पाण्याने थंड होणारा इंटरकूलर (त्या तापलेल्या हवेला थंड करणारा भाग) बसवलेला आहे. गिअरबॉक्स सहा गिअरचा, स्वयंचलित आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.१७, दुसऱ्याचे २.३४ आणि मागच्या डिफरन्शिअलचे ३.३१ आहे. चालकासह गाडीचे वजन १७०० किलो भरते. गाडी रोज वापरात असते आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा आहे. त्यामुळे आतली आसने काढून टाकणे, इंजिन उघडून पिस्टन बदलणे अशा गोष्टी मला करायच्या नाहीत.

पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेचे आकडे असे आहेत. एका संध्याकाळच्या पहिल्या धावेत पहिले ६० फूट २.१६ सेकंदांत, अर्धे अंतर ८.२० सेकंदांत (तेथील वेग १५२) आणि पूर्ण अंतर १२.४१ सेकंदांत झाले. शेवटचा वेग ताशी १९० किलोमीटर होता. त्याच संध्याकाळच्या तिसऱ्या धावेत ६० फूट २.१४, अर्धे अंतर ८.२६ (वेग १४८) आणि पूर्ण अंतर १२.५८ सेकंद झाले, शेवटचा वेग १८४. टायर साधे रस्त्यावरचे आहेत, रिम १९ इंची.

लॉगमध्ये (इंजिनाच्या संगणकाच्या नोंदींत) बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब, मिनिटाला ४५०० फेऱ्यांना ०.७० बार दिसतो आणि ६३०० फेऱ्यांना ०.६० पर्यंत उतरतो. इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान पहिल्या धावेच्या सुरुवातीला ४८ अंश आणि शेवटी ७४ अंश होते. तिसऱ्या धावेत ते ६६ वरून ९२ अंशांवर गेले. वरच्या फेऱ्यांना इग्निशनचे टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) पहिल्या धावेत १८ अंश होते, ते तिसऱ्या धावेत १३ अंशांवर आले.

माझ्या ट्यूनरने (इंजिनाच्या संगणकाची जुळणी करणाऱ्याने) सुपरचार्जरची ८० मिलिमीटरची पुली काढून ७५ मिलिमीटरची लावण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे सुपरचार्जर अधिक वेगाने फिरेल. मला ११.७ सेकंदांच्या आसपास पोहोचायचे आहे. पुलीने ते साधेल का, की पैसे आणि वेळ आधी दुसरीकडे घालावा? कृपया कारणांसह सांगावे.

टाइमस्लिपवाचक

आपण दोन्ही धावांचे सगळे आकडे दिले हे फार चांगले केले, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. शेवटचा वेग प्रामुख्याने शक्ती सांगतो आणि एकूण वेळ ती शक्ती किती लवकर जमिनीला लागली हे सांगते. सुरुवातीला चाके फिरली तर वेळ बिघडते, पण शेवटचा वेग फारसा बिघडत नाही. म्हणून हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

त्यासाठी ठोकताळा असा आहे. शक्तीला (अश्वशक्तीत) वजनाने (किलोत) भागावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याला २८९ ने गुणावे, म्हणजे शेवटचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. उलट, वजनाला शक्तीने भागून घनमूळ काढले आणि ७.५८ ने गुणले, तर सुरुवात चांगली झाल्यास लागणारी वेळ मिळते. आपल्या १७०० किलोच्या गाडीने १९० चा वेग गाठला, याचा अर्थ इंजिन त्या धावेत सुमारे ४८० अश्वशक्ती देत होते. एवढ्या शक्तीच्या आणि एवढ्या वजनाच्या गाडीला ११.५५ सेकंद लागायला हवेत. आपल्याला १२.४१ लागले. म्हणजे आपण जी वेळ मागत आहात तिच्याहून कमी वेळेची शक्ती गाडीत आजच आहे. ती पहिल्या काही मीटरांत वाया जाते.

६० फुटांचा आकडा हेच सांगतो. सुरुवातीला ०.१ सेकंद वाचला की पाव मैलाच्या शेवटी साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद वाचतात, कारण पुढचा प्रत्येक टप्पा गाडी अधिक वेगाने सुरू करते. आपला २.१६ चा आकडा १.७५ वर आला तर ०.६ ते ०.८ सेकंदांचा लाभ होईल आणि तेवढ्यानेच गाडी ११.७ च्या आसपास येईल.

हे टायरने साधण्याजोगे आहे का, याचेही गणित करता येते. मागच्या चाकांवर स्थिर वजनाचा ४६ टक्के भाग, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर २.७ मीटर असे धरू. गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागे सरकते, आणि ते जितके सरकेल तितकी पकड आणखी वाढते. घर्षणगुणांक १.० असेल तर ही गाडी जास्तीत जास्त ०.५६ ‘जी’ने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.५६ पट त्वरणाने) सुटू शकते, गुणांक १.५ झाला तर ०.९५ ‘जी’ने. स्टेजिंगच्या (सुटण्याच्या रेषेवरच्या) किरणातून पुढचे चाक बाहेर पडेपर्यंत गाडी सुमारे ३० सेंटिमीटर सरकलेली असते आणि घड्याळ तेव्हा सुरू होते, हे धरले तर ६० फुटांच्या वेळा अनुक्रमे २.२५ आणि १.७५ सेकंदांच्या आसपास येतात. रस्त्यावरचे चांगले टायर तयार केलेल्या पट्टीवर १.० च्या थोडे पुढे जातात आणि आपला २.१६ चा आकडा नेमका तेथेच बसतो. १.५ हा गुणांक चांगल्या ड्रॅग रेडियलच्या (ड्रॅग धावेसाठी बनवलेल्या मऊ, चिकट टायरच्या) आवाक्यातला आहे.

आता इंजिनाकडून पाहू. टॉर्क ५८० न्यूटन-मीटर धरला तर पहिल्या गिअरमध्ये, कन्व्हर्टरने (इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्या मधल्या द्रव-जोडणीने) टॉर्क वाढवण्यापूर्वीच, चाकांपाशी सुमारे २०,६०० न्यूटनचा जोर उपलब्ध असतो. साध्या टायरांची पकड ९,४०० न्यूटनवर संपते, ड्रॅग रेडियलची १५,९०० वर. म्हणजे आजच्या टायरांवर पहिल्या गिअरमधला अर्ध्याहून जास्त टॉर्क निरुपयोगी आहे आणि दुसऱ्या गिअरमध्येही (सुमारे ११,६०० न्यूटन) पूर्ण थ्रॉटल टिकत नसणार. लहान पुली लावल्यावर वाढलेला टॉर्क कोठे जाईल, हे यावरून आपणच ठरवावे.

थंडहवा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु आपल्या दोन धावांमधला फरक टायरांचा नाही, उष्णतेचा आहे. तिसऱ्या धावेत सुरुवात किंचित चांगली होऊनही शेवटचा वेग १९० वरून १८४ वर आला. वर दिलेल्या ठोकताळ्यानेच पाहिले तर ही सुमारे ४४ अश्वशक्तीची घट आहे. ट्यूनर पुलीतून जेवढे देऊ पाहत आहे त्याहून हे अधिक आहे.

रूट्स सुपरचार्जर आपल्या पोकळीत हवा दाबत नाही; तो ती केवळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहून नेतो. बाहेरच्या दारापाशी पोकळी उघडली की मॅनिफोल्डमधली दाबाखालची हवा उलट आत घुसते आणि दाबण्याचे काम त्या धडकेत होते. म्हणूनच या यंत्राची कार्यक्षमता दाब वाढेल तशी वेगाने खाली येते. ट्विन-स्क्रू प्रकारात हवा स्क्रूंच्या मधल्या आकसत्या जागेतच दाबली जाते आणि सेंट्रिफ्यूगल प्रकार चक्राच्या वेगावर चालतो. त्या दोघांचे तापमानाचे गणित याहून बरे असते. आपल्याकडे आहे ते यंत्र वाईट आहे असे नव्हे, पण त्याच्याकडून जास्त दाब मागण्याची किंमत जास्त आहे.

उदाहरणादाखल, बाहेरची हवा ३० अंशांची आणि कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ०.७ बार बूस्टला सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा १०५ अंशांच्या आसपास असते. ७५ मिलिमीटरची पुली फेऱ्या ६.७ टक्क्यांनी वाढवेल, बूस्ट ०.८ बारवर जाईल, कार्यक्षमता ६० टक्क्यांवर आली असे धरले तर हवा १२२ अंशांची होईल. सुपरचार्जर फिरवायला लागणारी शक्तीही सुमारे ३७ अश्वशक्तीवरून ४८ वर जाईल, यंत्राचे यांत्रिक घर्षण वेगळेच. म्हणजे कागदावर ३० ते ३२ अश्वशक्ती वाढल्या असे दिसेल, त्यातून ११ पट्टा खाईल आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच तापलेल्या हवेमुळे मागे घेतलेल्या टायमिंगमध्ये जातील. फार तर १५ अश्वशक्ती हाती राहिल्या असे उदारपणे मानले, तरी ती वाढ तीन टक्क्यांची आहे आणि वेळ शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते; म्हणजे लाभ एक टक्का, फार तर ०.१२ सेकंद.

आता आपल्या इंटरकूलरविषयी. एका धावेत हवेचा सरासरी प्रवाह सेकंदाला ०.३ किलो आणि तिला ६० अंशांनी थंड करायचे आहे असे धरले, तर १२ सेकंदांत पाण्याला सुमारे २२० किलोज्यूल उष्णता शोषावी लागते. बहुतेक गाड्यांमधल्या इंटरकूलरच्या पाण्याच्या मंडलात चारएक लिटर पाणी असते, तेवढे पाणी एका धावेत १३ अंशांनी तापेल. हे फार नाही. आपली खरी अडचण धावेत नसून रांगेत आहे. इंजिन चालू ठेवून किंवा नुकतेच बंद करून गाडी उभी असते तेव्हा सिलिंडर हेडची उष्णता वर चढून मॅनिफोल्ड, सुपरचार्जरचे कवच आणि इंटरकूलर या सगळ्यांना भाजून काढते; पहिल्याच धावेच्या सुरुवातीला असलेले ४८ अंश आणि तिसऱ्यातले ६६ अंश हे त्याचेच चिन्ह आहे. म्हणून इंजिन बंद असतानाही इंटरकूलरचा पंप आणि पुढच्या रेडिएटरचा पंखा चालू राहील अशी वेगळी वायरिंग करून घ्यावी, बॅटरी सांभाळून. धाव संपताच परतीच्या मार्गावर सावकाश यावे, बॉनेट उघडावे आणि रांग हलेपर्यंत इंजिन चालू करू नये. या मंडलात हवेचा बुडबुडा अडकलेला नाही आणि पंप खरोखर पाणी फिरवतो आहे, हेही एकदा पाहावे; पंप आवाज करतो पण पाणी हलत नाही, ही तक्रार मी अनेक गाड्यांत पाहिली आहे.

डायनोवर (गाडी उभी ठेवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) हे सारे दिसत नाही, कारण तेथे बॉनेट उघडे असते, समोर मोठा पंखा असतो आणि दोन खेचींच्या (पूर्ण जोराच्या मोजणींच्या) मध्ये गाडीला विश्रांती मिळते.

पाना_तेरा

माझा मुद्दा छोटा आहे. रूट्स सुपरचार्जर इंजिनाशी ठरावीक गुणोत्तराने फिरतो, त्यामुळे त्याचा बूस्ट फेऱ्यांबरोबर साधारण सपाट राहिला पाहिजे. आपला ०.७० वरून ०.६० वर येतो. याची दोन कारणे असू शकतात: पट्टा घसरतो आहे, किंवा सुपरचार्जरला आत हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर आणि सुपरचार्जरच्या मधल्या नळीत दाबमापक लावून वरच्या फेऱ्यांना तेथे किती ओढ निर्माण होते ते पाहावे. ओढ जास्त दिसली तर फिल्टर, नळी किंवा थ्रॉटल बॉडी लहान पडते आहे. ओढ नगण्य असेल तर पट्ट्याकडे वळावे. पुलीभोवती काळी भुकटी, चकाकलेल्या कडा, पुलीवर खडूने मारलेली रेघ धावेनंतर सरकलेली दिसणे, या खुणा पुरेशा आहेत. ताण देणारी स्प्रिंग थकलेली असते किंवा पुलीभोवती पट्ट्याचा वेढा कमी असतो. वेढा वाढवणारी जास्तीची आयडलर पुली बहुधा पुरते. ७५ मिलिमीटरच्या पुलीवर पट्ट्याला धरायला जागा आणखी कमी मिळते, म्हणजे आज जो पट्टा घसरतो आहे तो उद्या अधिक घसरेल. आधी हे दुरुस्त केले तर वरच्या फेऱ्यांचा ०.१ बार पुली न बदलताच परत मिळेल.

दोन_लोब

सर्वांनी पुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, म्हणून तिची बाजू मांडतो. हे सगळे गणित साध्या पेट्रोलवर आणि गरम हवेवर केलेले आहे. इंधन बदलले की चित्र बदलते. ८५ टक्के इथेनॉलचे मिश्रण नॉकिंगला (मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांना) पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी बळी पडते आणि बाष्प होताना हवेतून पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त उष्णता ओढून घेते. त्यामुळे ट्यूनरला टायमिंग मागे घ्यावे लागत नाही आणि वाढलेला बूस्ट खरोखर शक्तीत उतरतो. त्याची किंमत अशी, की आकारमानाने ३० ते ४० टक्के अधिक इंधन लागते. इंजेक्टर आणि पंप त्या हिशेबाने निवडावे लागतात आणि असे इंधन सगळीकडे मिळत नसेल तर रोजच्या वापराच्या गाडीला ते सोयीचे नाही, हेही खरे.

दुसरी गोष्ट अशी, की टायर बदलले की पकडीची मर्यादा वर जाते आणि वर दिलेल्या हिशेबानुसारच दुसऱ्या गिअरपासून पुढे गाडी पुन्हा शक्तीच्या मर्यादेत येते. तेव्हा जास्तीची शक्ती उपयोगी पडते. म्हणून पुली नको असे मी म्हणणार नाही. तिची पाळी टायर, पट्टा आणि थंडावा यांच्यानंतर येते. हा क्रम उलटा करण्याचा सल्ला कोणत्या लॉगवरून दिला गेला, हे आपल्या ट्यूनरला विचारावे असे मला वाटते.

निळी_कूपे

सर्वांचे आभार. पट्टा पाहिला, कव्हरच्या आत काळी भुकटी भरपूर आहे, त्यामुळे आयडलर पुलीचे काम आधी घेतो. दोन शंका उरतात. पहिली अशी, की इंटरकूलरच्या पाण्यात बर्फ घालावा का? दुसरी अशी, की ड्रॅग रेडियल घेतले तरी पहिल्या गिअरमध्ये सगळा टॉर्क जमिनीला लागणार नाही असे वरच्या आकड्यांवरून दिसते. मग उरलेल्याचे काय करायचे? पाय हलका ठेवून सुटण्याचा प्रयत्न केला, पण दर वेळी वेगळाच आकडा येतो.

थंडहवा

बर्फाचा एक किलो वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे वर काढलेल्या २२० किलोज्यूलसाठी पाऊण किलोहूनही कमी बर्फ पुरतो. मात्र त्यासाठी मंडलात टाकी हवी. मागच्या डिकीत आठ-दहा लिटरची बंदिस्त टाकी बसवून घेतल्यास बर्फाशिवायही पाण्याचे तापमान एका धावेत पाचएक अंशांनीच वाढते, आणि स्ट्रिपवर जायचे त्या दिवशी त्यात बर्फ घालता येतो. या मंडलात गोठणरोधक द्रव शक्यतो नसावा; तो पाण्यापेक्षा कमी उष्णता धरतो आणि पट्टीवर सांडला तर इतका निसरडा असतो की अनेक ठिकाणचे अधिकारी तो असलेली गाडी आत घेत नाहीत. गाडी थंडीत बाहेर उभी राहत असेल तर ऋतूनुसार तो घालावा आणि काढावा.

एक खबरदारी घ्यावी. हवा ७४ ऐवजी ३० अंशांची झाली की तिचे वस्तुमान १४ टक्क्यांहून अधिक वाढते, तेवढेच अधिक इंधन लागते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) तक्त्याच्या अशा भागात जाते जेथे आपल्या ट्यूनरने कधी मोजमाप केले नसेल. बर्फ घालून थेट स्पर्धेत उतरू नये. पहिल्या थंड धावेत लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) आणि इंधनाचा दाब पाहून मगच पुढे जावे.

टाइमस्लिपवाचक

पाय हलका ठेवणे हा उपाय नाही, कारण रूट्स सुपरचार्जर कमी फेऱ्यांनाही जवळजवळ पूर्ण टॉर्क देतो आणि थ्रॉटलची थोडीशी हालचाल चाकांपाशी मोठी होते. आपल्या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल पूर्ण दाबलेले असतानाही ईसीयूने पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल किती उघडावा, हे वेगानुसार ठरवून देता येते. वरच्या हिशेबात ड्रॅग रेडियलवर ७७ टक्के टॉर्क चालतो. कन्व्हर्टर सुरुवातीला टॉर्क वाढवतो म्हणून सुटताना ५० ते ५५ टक्क्यांपासून आरंभ करावा, वेग वाढेल तसे ते वाढवत न्यावे आणि दुसऱ्या गिअरमध्ये मर्यादा काढून टाकावी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगांची तुलना लॉगमध्ये करून जेथे घसरण दिसते तेथेच आकडा खाली आणावा. प्रत्येक धावेत एकच बदल करावा, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही.

ब्रेक दाबून फेऱ्या चढवण्याबाबत: फेऱ्या फार चढवल्या तर मागची चाके ब्रेकांना हरवून सुटण्याच्या इशाऱ्याआधीच फिरू लागतात आणि गिअरबॉक्सचे तेल झपाट्याने तापते. १५०० ते १८०० फेऱ्यांपासून सुरू करून पाहावे, आणि स्टेजमध्ये पिवळ्या दिव्यांची वाट पाहताना हे दोन सेकंदांपेक्षा जास्त करू नये.

टायरांबाबत बोलायचे तर १९ इंची रिमवर टायरची भिंत इतकी उथळ असते की ती सुटताना दबून पकड वाढवू शकत नाही. ब्रेकांवर बसत असतील तर मागे १७ इंची रिम आणि उंच भिंतीचे ड्रॅग रेडियल घ्यावेत. हवा १.४ बारपासून सुरू करून ०.०७ बारच्या पायऱ्यांनी खाली यावे, १.१ च्या खाली गेल्यावर वरच्या वेगात गाडीचा मागचा भाग डुलू लागला तर परत वर जावे. रस्त्यावरून घरी जाताना नेहमीचा दाब भरावा, आणि पावसात या टायरांवर गाडी अजिबात जोरात चालवू नये. त्यांच्या खाचा पाणी बाहेर टाकण्यापुरत्या खोल नसतात.

बर्नआउट करताना (धावेआधी टायर तापवण्यासाठी चाके जागीच फिरवताना) पाण्यातून पुढे येऊन मगच चाके फिरवावीत आणि धूर दिसू लागताच थांबावे. ड्रॅग रेडियलला तेवढे पुरते. आज आपण साधे टायर वापरता तोपर्यंत पाण्याला वळसा घालून जावे, कारण त्यांच्या खाचांतले पाणी सुटण्याच्या रेषेपर्यंत येते, आणि लांब बर्नआउट साध्या टायरांना तेलकट करतो.

टायर पकडू लागले की जुने भाग बोलू लागतात. चाक उड्या मारू लागले (हे लॉगमध्ये मागच्या चाकाच्या वेगाची दातेरी रेघ म्हणून दिसते) तर पाय लगेच काढावा; त्याच क्षणी ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शिअल तुटतात. मागच्या सबफ्रेमचे आणि आर्मचे रबरी बुश आधी तपासावेत. वेळ १२ च्या खाली जाणार असल्याने स्थानिक तांत्रिक तपासणीचे नियमही आधी वाचावेत. अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्याला हेल्मेट सक्तीचे आहे आणि ११.४९ किंवा त्याहून जलद धावल्यास रोल बारचा (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या चौकटीचा) प्रश्न येतो, नव्या गाड्यांना काही सवलती धरून. आपली गाडी त्या रेषेपासून फार दूर राहणार नाही.

लॉगबुक

टायर, पट्टा आणि थंडावा झाल्यावर ट्यूनरकडे जाताना काय मागावे, एवढेच मी लिहितो. पेट्रोलवर बूस्टखाली लॅम्डा ०.७८ ते ०.८२, म्हणजे हवा आणि इंधनाचे प्रमाण साधारण ११.५ ते १२. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा नसावा. आणि इंधनाचा दाब बूस्ट जितका वाढेल तितकाच वाढला पाहिजे. धावेच्या शेवटच्या तीन सेकंदांत हा दाब खचत असेल तर पंप किंवा त्याला जाणारी वीज अपुरी आहे. डायनोच्या एका छोट्या खेचीत हे दिसत नाही. प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड घ्यावेत आणि त्यांची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी, कारण दाबलेल्या हवेत मोठ्या फटीवर ठिणगी विझते आणि वरच्या फेऱ्यांना इंजिन अडखळते.

आपण दिलेल्या टायमिंगच्या आकड्यांत एक गोष्ट वेगळी करून घ्यावी. १८ वरून १३ अंश हा बदल तापमानाच्या तक्त्यामुळे झाला की नॉक सेन्सरने प्रत्यक्ष ठोके ऐकल्यामुळे? लॉगमध्ये हे दोन वेगळे स्तंभ असतात. पहिले असेल तर हवा थंड होताच टायमिंग आपोआप परत येईल आणि कोणाला काहीच बदलावे लागणार नाही. दुसरे असेल, आणि विशेषतः ४८ अंशांच्या हवेतही थोडे दिसत असेल, तर मूळ तक्ताच अतिआक्रमक आहे आणि बूस्ट वाढवण्याचा विचारही करू नये.

गिअर बदलण्याच्या फेऱ्याही पाहाव्यात. रूट्सच्या रुंद टॉर्कमुळे लाल रेषेपर्यंत ताणण्याची गरज बहुधा नसते. शक्तीचा कळस ६००० ला असेल तर ६३०० च्या आसपास बदलून, पुढच्या गिअरमध्ये कळसाच्या दोन्ही बाजूंची सरासरी शक्ती जास्तीत जास्त राहील असे जमवावे. शिवाय शेवटच्या रेषेच्या अगदी आधी एक गिअर बदलावा लागत असेल, तर तो टळेल एवढी तीनएकशे फेऱ्यांची सवलत तेवढ्या गिअरपुरती द्यावी. मागच्या टायरचा व्यास बदलला की हा हिशेब पुन्हा करावा लागतो, हे १७ इंची रिम घेताना लक्षात असू द्यावे.

पुढच्या वेळी धावेचा कागद जपून ठेवताना त्यावर हवेचे तापमान आणि वायुदाबही लिहून ठेवावा. ३५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते आणि तेवढ्यानेच आपला १९० चा वेग १८७ वर येतो, गाडीत काहीही बिघडलेले नसताना.